विहिरीवर न लागलेली नोटीस

सेवेत असताना खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं आता विसरलो आहे. एका साध्या सरकारी कागदाचं प्रकरण मात्र आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

सत्तरचं दशक होतं. मी नवा फौजदार, उत्तर नागपुरातल्या एका ठाण्यात. एका सकाळी वॉर्ड कचेरीचा बाबू फिर्याद घेऊन आला. इस्त्रीचे कपडे, बगलेत फाइल. हद्दीतल्या एका वस्तीत आठ दिवसांत तीन माणसं उलट्या-जुलाबांनी दगावली होती. तिथल्या विहिरीचं पाणी खराब असल्याचं तपासणीत आधीच कळलं होतं. 'हे पाणी पिऊ नये' अशी नोटीस विहिरीवर आणि बुद्धविहाराच्या भिंतीवर चिकटवली, दवंडीही दिली, असं बाबूचं म्हणणं. पण वस्तीतल्या एकाने नोटिसा फाडल्या, म्हणून लोक पाणी पीत राहिले आणि मेले.

"फाडताना कोणी पाहिलं?" मी विचारलं.

"आमच्या चपराशानं. आणि लावल्याचा पंचनामा आहे ना साहेब. दोन पंच आहेत वस्तीतलेच."

फाइलमध्ये पंचनामा होता. तारीख, वेळ, दोन नावं, दोन अंगठे. कागद नीट दिसला की पोलीस निम्मा तपास झाला असं समजतो. मीही समजलो.

ज्याचं नाव दिलं तो तिशीचा गिरणी कामगार होता. मेलेल्या तिघांतला एक त्याचा बाप. बापाला माती देऊन आल्यावर तो वॉर्ड कचेरीत गेला होता आणि तिथे त्याने मोठ्याने जाब विचारला होता. ही गोष्ट बाबूने मला सांगितली, पण 'हा माणूस भांडखोर आहे' याचा पुरावा म्हणून. मी ती तशीच ऐकून घेतली. त्याला घरून उचलला, भर चौकातून चालवत आणला.

"नोटीस काहून फाडली?"

"कोणती नोटीस साहेब?"

हे उत्तर त्याने पाच वेळा दिलं. सहाव्या वेळी मी त्याच्या कानशिलात मारली. तो रडला नाही, ओरडला नाही. "नोटीस असती तर माझ्या बापानं ते पाणी पेलं असतं का?" एवढंच म्हणाला. सरळ प्रश्न होता. मी त्याला उद्धटपणा समजलो. दोन दिवस त्याला ठाण्यात बसवून ठेवलं आणि स्टेशन डायरीत नोंद केली नाही. हे बेकायदा होतं आणि मला ते माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतली एक बाई आली. पन्नाशीची, बिड्या वळून घर चालवणारी.

"साहेब, त्याले सोडा. त्यानं काही फाडलं नाही. नोटीस लागलीच नव्हती."

"तुला काय माहीत?"

"मले नाही तर कोणाले माहीत राहीन? नळाची वेळ बदलली, लस टोचणारे येऊन राहिले, जो कागद विहाराच्या भिंतीवर लागते तो मीच वाचून दाखवते. बायाबापड्या बसतात ऐकाले. त्या पंधरवड्यात भिंत कोरी होती."

मी तिचा जबाब घ्यायला लावला. लिहून झाल्यावर हवालदाराने सवयीने शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला. तिने तो बाजूला केला आणि पेन मागितलं. सावकाश, गोल अक्षरात आडनावासकट सही केली.

ते नाव मी आधी वाचलं होतं. फाइल काढून पंचनामा पाहिला. पहिला पंच हीच बाई, आणि नावापुढे अंगठा.

मी कागद तिच्यासमोर धरला. "हा तुमचा?" पहिल्यांदाच मी तिला 'तुम्ही' म्हटलं, हे नंतर लक्षात आलं.

तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "नाही साहेब. धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी मी बाराखडी शिकली. तवापासून कुठंच अंगठा लावला नाही. राशनवाल्याकडंही सहीच करते."

त्याच दुपारी मी दोन शिपाई घेऊन वॉर्ड कचेरीत गेलो. आधी चपराशाला वेगळ्या खोलीत बसवलं. नोटिसा कुठे लावल्या, विहीर वस्तीच्या कोणत्या टोकाला आहे, एवढंच विचारलं. विहीर कुठे आहे हेच त्याला सांगता येईना. मग तो म्हणाला, "बाबूनं इथंच बसून लिहाले लावलं साहेब. अंगठे माझेच हायेत. एक उजवा, एक डावा. नावं मतदार यादीतून घेतली." पुढे अंगठे तपासणाऱ्या तज्ज्ञानेही तेच सांगितलं.

बाबूच्या कपाटात नोटिसांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला तसाच पडला होता. वरच्या नोटिशीवर मोठ्या अक्षरात छापलं होतं: पाणी पिऊ नये.

"हे का लावलं नाही?" मी विचारलं.

बाबू फार घाबरल्यासारखाही वाटला नाही. म्हणाला, "तिथं लावून काय उपयोग साहेब? त्या वस्तीत वाचते कोण?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ गुन्हेगारांचे जबाब घेतले. इतकं निर्लज्ज उत्तर दुसऱ्या कोणाकडून ऐकलं नाही. तो त्या वस्तीत एकदाही गेला नव्हता. तिथल्या माणसांना काय येतं, काय येत नाही, हे त्याने खुर्चीत बसून ठरवलं होतं. त्याच्या त्या अडाणी समजुतीने तीन माणसं मेली, आणि चौथ्याला मी मारलं.

खोट्या दस्तऐवजाचा खटला भरला. चपराशाला शिक्षा झाली. बाबू संशयाचा फायदा मिळून सुटला आणि पुढे दुसऱ्या कचेरीत बढतीवर गेला. तीन मृत्यू कोणत्याच कलमात बसले नाहीत.

त्या प्रकरणानंतर 'रहिवाशांना कळविण्यात आले' असं वाक्य ज्या कागदावर दिसेल, तो घेऊन मी स्वतः त्या वस्तीत जात असे. दारोदार विचारत असे, तुम्हाला कळलं का? पुष्कळदा लोक उलट मलाच विचारत, काय कळवलं? वरिष्ठ हसायचे, म्हणायचे हे पोलिसाचं काम नाही.

त्या कामगाराला मी वॉर्ड कचेरीतून परतलो त्याच संध्याकाळी सोडलं. फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "गैरसमज झाला. आता घरी जा."

तो थांबला. म्हणाला, "काल बापाच्या नावानं विहारात पुण्यानुमोदन होतं साहेब. सारी वस्ती वंदनेले बसली होती. मीच नव्हतो."