आनेकलच्या मारुतीपाशी पोट बोललं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुणी न विचारताही सांगते. बाबा इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. त्यांनी तर मुलाखतीआधीच सगळ्या ड्रायव्हर-अण्णांना सांगून टाकलं होतं, “मुलगी नर्सिंग कॉलेजात मॅडम होणार!” त्या सकाळी आनेकलच्या कॉलेजात मला नमुना तास घ्यायचा होता. विषय पॅरासिम्पथेटिक मज्जासंस्था, म्हणजे शरीराला निवांत करणाऱ्या नसा. अख्खा धडा पाठ होता. पण बसमधून उतरले तेव्हा छाती धडधडत होती, हात गार पडले होते, जीभ टाळूला चिकटली होती. दोन दिवस घास उतरला नव्हता. देवावर माझा फारसा भरवसा नव्हता, तरी स्टँडजवळच्या मारुतीपुढे उभी राहिले. मनात म्हटलं, मला काही सुचत नाही, तूच बघ.

दाराशी फुलं ओवणाऱ्या अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि गोणपाट सरकवलं. “स्वल्प कूत्को,” म्हणाली, जरा बस. मग कन्नडमध्येच दोरा हातात देत म्हणाली, “एक फूल, एक गाठ. गाठीला लांब ‘राम’ म्हण, श्वास संपेपर्यंत.”

“अक्का, मला तास घ्यायचाय,” मी कशीबशी पुटपुटले.

“आवाज तर फुटत नाही, तास कसला घेतेस?”

मी ओवू लागले. माझ्या गाठी सुटायच्या. “शिकलेली दिसतेस,” ती हसली. पंधराएक फुलं झाली असतील, बोटांत ऊब आली, तोंडाला पाणी सुटलं, आणि पोट एवढ्या मोठ्याने गुरगुरलं की मीच दचकले. अक्का खदखदून हसली. “पोट बोललं! आता तूही बोलशील.” तिने हातावर प्रसादाचं केळं ठेवलं. मी ते उभ्या उभ्या संपवलं.

श्वास सावकाश सोडला की हृदय संथ होतं, लाळ सुटते, आतडी कामाला लागतात, हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. या नसा हुकमाने चालत नाहीत, हे मात्र त्या गोणपाटावर कळलं. मी तास त्या केळ्यापासूनच सुरू केला. मुली हसल्या आणि मग वही उघडून बसल्या.

नोकरी मिळाली. बाबांनी गेटवर पेढे वाटले. पदवीचा अभिमान मला आजही आहे, आणि असावाच. पण छातीतलं यंत्र मी चालवत नाही. आपण दोरा धरायचा, गाठ मारायची, बाकीचं मारुती बघतो. रोज बसमधून उतरले की अक्का लांबूनच विचारते, “ऊटा आयता?” जेवलीस का?

मी मारुतीला हात जोडते आणि तिला सांगते, “आयतु, अक्का.” झालं जेवण.