जॉबरचे कान

तोंडात पान असलेल्या माणसाशी जॉबर बोलायचा नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, "आदी थुंकून या, मग बोला" म्हणायचा. ओठ झाकणाऱ्या मिशांचाही त्याला राग होता. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलेल्या माणसाला तो हाताला धरून बॉनेटसमोर, उजेडाकडं तोंड करून उभं करायचा. लोक म्हणत, विक्षिप्त आहे, पण हात सोन्याचा आहे. खरी गोष्ट अशी होती, की जॉबरला ऐकू येत नव्हतं. वीस वर्षं मिलच्या मागखात्यात माग दुरुस्त करण्यात गेली, म्हणून नाव जॉबर, आणि त्याच खडखडाटात कान गेले. मागखात्यात सगळे ओठांवरूनच बोलणं ओळखतात, तेवढी विद्या घेऊन तो बाहेर पडला आणि इंजिनांच्या धंद्यात शिरला. बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण गाडी आणणार? म्हणून त्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. मलाही ते फार उशिरा कळलं, आणि कळायला नको तसं कळलं.

मी तेव्हा नव्यानं गुरांचा डॉक्टर झालो होतो. सत्तरच्या दशकातली पहिली वर्षं. वडिलांची युद्धाच्या आधीची विलायती गाडी माझ्या गळ्यात पडली होती, आणि ती घेऊन मी मोडनिंब, करकंबच्या रस्त्यांवर मेंढ्यांना लसी टोचत हिंडायचो. माझ्या पायाला भिंगरी होती. दोन मिनिटं एका जागी उभं राहणं मला जमत नसे. गाडी दर पंधरा दिवसांनी जॉबरकडं असायची आणि मी तिच्याभोवती येरझारा घालत असायचो.

इंजिन चुकायला लागलं की आम्ही सगळे कान टवकारतो. जॉबर सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचा. डोळे मिटून फुंकरा मोजायचा आणि म्हणायचा, "चौथी फुंकर येत न्हाय." मग मागावर आडवा सूत नेणारा एक जुना धोटा घ्यायचा. टोकाचं लोखंड काढून टाकलेला, नुसता लाकडी. चालू इंजिनावर त्या धोट्यानं प्लगची एकेक वायर उचलायची आणि दुसरा हात मडगार्डवर ठेवायचा. वायर काढल्यावर गाडी दचकली, तर तो सिलिंडर कामाचा. काही फरकच पडला नाही, तर तो मेलेला. "इंजिन बोलत न्हाय साहेब, थरथरतंय," असं तो म्हणे. मला हे फार पटायचं, कारण माझे पेशंटही बोलत नसत, मीही त्यांच्या कुशीवर हात ठेवूनच आजार शोधायचो. कधी कधी तो धोट्याचं एक टोक इंजिनाला लावायचा आणि दुसरं दातात धरायचा. बघणाऱ्यांना ही त्याची ऐट वाटे, आणि मलाही तसंच वाटे.

त्या उन्हाळ्यात मोडनिंबच्या अलीकडं गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ निघत होती आणि मला करकंबला पोचायची घाई होती. रस्त्याकडेला मेंढरं बसवलेला एक म्हातारा धनगर धावत आला. त्याच्या मेंढ्यांना मी कधीतरी लस टोचली होती. "लई तापलंय की वो डाक्टर! बैलाला तरी कुनी असं पळवतंय व्हय?" असं म्हणत त्यानं डेऱ्यातलं गारेगार पाणी सबंध इंजिनावर ओतलं. उन्हातून आलेल्या बैलाच्या पाठीवर ओततात तसं, मायेनं. इंजिन चर्रर्र करून ओरडलं. मी त्याला थांबवायला हवं होतं. ते न करता उरलेलं पाणी मीच रेडिएटरमध्ये घातलं आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी फटफट करत, मागं पांढरी वाफ सोडत गाडी जॉबरकडं आली. त्यानं धोट्यानं वायरी उचलल्या. दुसरी काढली, फरक नाही. तिसरी काढली, फरक नाही. दोन्ही प्लग ओले. रेडिएटरचं झाकण उघडून त्यानं मला पाण्यातले बुडबुडे दाखवले.

"एक चुकला तर प्लग म्हना, पॉइंट म्हना. दोन शेजारी एकदम रुसले म्हंजी मदला बांध फुटला. हेड गॅस्केट गेलं साहेब."

"आजच होईल ना? परवा करकंबला लसीचा कँप आहे."

"बगू की," म्हणून तो वाकला आणि सिलिंडरांवरच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे, नट सोडायला लागला. मी त्याच्या पाठीमागं येरझारा घालत होतो. चालता चालताच म्हणालो, "आणि हो जॉबर, तापलेल्या इंजिनावर एकानं डेराभर गार पाणी ओतलंय हं." त्यानं मान न वळवता "व्हय, व्हय" केलं. पाठीमागं कुणाची सावली हलली, की तो असंच म्हणत असे. हेड निघालं. जुन्या गॅस्केटची मधली पट्टी जळालेली स्पष्ट दिसत होती. नवीन गॅस्केट बसलं. त्यानं बजावलं, "शंभर मैल चालवून परत आना, नटं परत आवळायची हायती."

शंभर मैल गाडी चाललीच नाही. कँपच्या दिवशी करकंबच्या वेशीत ते नवं गॅस्केट उडालं. दोनशे मेंढ्या उन्हात ताटकळल्या, लसीवरचा बर्फ वितळला आणि गाडी ट्रॅक्टरमागं बांधून सोलापूरला आणावी लागली. मी रागानं नुसता पेटलो होतो. शेडमध्ये एक जीपवाला आणि आणखी दोघं-तिघं उभे होते. त्यांच्यादेखत मी जॉबरवर बरसलो.

"गार पाणी ओतलं होतं म्हणून मी सांगितलं होतं तुम्हांला! हेड तपासलं का नाही?"

जॉबर माझ्या ओठांकडं बघत राहिला. "कवा सांगितलं?"

"तुम्ही नट सोडत होता तेव्हा. मी मागं होतो. व्हय व्हय म्हणालात की!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. उजेडाकडं उभं करणं, दातातला धोटा, सायलेन्सरवरचा तळहात. माझी जीभ हासडून टाकावी असं मला वाटलं. मी घाईघाईनं म्हणालो, "नाही, नाही. माझं सांगायचं राहिलं असेल. चूक माझीच."

"न्हाय साहेब." तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तुमी सांगितलंच असनार. मला ऐकू येत न्हाय. बारा वर्षं झाली."

जॉबरनं हेड पुन्हा उतरवलं आणि सपाट काचेवर पालथं ठेवलं. मधोमध पोस्टकार्ड सरकेल एवढी फट होती. गार पाण्यानं हेड वाकलं होतं. लेथवर घासून, सपाट करून त्यानं ते बसवलं आणि पुढं सहा वर्षं त्या इंजिनानं एक फुंकर चुकवली नाही. पण जीपवाला पुन्हा आला नाही. पेठेत कुजबूज झाली आणि दिवाळीपर्यंत शेड ओस पडली. तेच हात होते, तीच नजर होती, पण लोकांना आता त्यांचा भरवसा वाटेना.

तो भिवंडीला मागांवर चाललाय असं कळलं तेव्हा मी धावत गेलो. समोर उभा राहून म्हणालो, "जॉबर, जाऊ नका. मी सगळ्यांना समजावतो."

तो हसला. "काय समजावनार? मागावर समदेच बहिरे हायती साहेब. तितं कोन कुनाला नाव ठेवत न्हाय."

त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. मी आजही कुणाशी पाठमोरं बोलत नाही. आमच्या घरात याची थट्टा होते. मीठ मागायचं असलं तरी हा माणूस उठून समोर येऊन उभा राहतो, म्हणतात. मी हसण्यावारी नेतो. पण तो नट सोडत होता त्या दुपारी त्या शेडमध्ये मी शेकड्यानं पावलं टाकली होती. त्यातली दोन त्याच्या समोर जायला टाकली असती, तर जॉबर सोलापुरातच राहिला असता.