उजव्या कडेला

भाऊजी,

वाचनालयाच्या अंकासाठी तुमच्यावर चार शब्द लिहा, असं मंडळींनी मला सांगितलंय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वहिनी, चार म्हणजे चारच. तुमचं चारशेवर जातं." म्हणून थोडक्यात लिहिते, आणि तुम्हालाच लिहिते. गेलेल्या माणसाबद्दल इतरांना सांगायचं म्हटलं की गोड गोड बोलावं लागतं. ते मला या जन्मी जमलं नाही.

तुम्ही माझे धाकटे दीर. कॉलेज अर्धवट टाकून चित्रांना फ्रेमा करायचं दुकान काढलंत, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "लोकांची चित्रं मार्गी लावता लावता हा स्वतः काही मार्गी लागायचा नाही." लागला नाहीतच. जेवायला आमच्याकडे, झोपायला दुकानाच्या माळ्यावर. मुलगी बघायचं नाव काढलं की तुम्हाला नेमकी काच आणायला जायचं असायचं.

दुकानाला लागून शिवणवालीचं दुकान. मधे नुसत्या फळ्या. तिचं मशीन सुरू झालं की इकडे भिंतीला टेकवलेल्या तुमच्या काचा बारीक वाजायच्या. पोर पोटात असतानाच तिचा नवरा निघून गेला होता. सकाळी ती फळीवर टकटक करायची आणि तुम्ही दोघं आपापल्या पायरीवर बसून चहा प्यायचात. यात काही आहे का, असं मी एकदा तोंडावर विचारलं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, ती पक्कड द्या जरा." मी पक्कड दिली.

ती तापाने गेली. हॉस्पिटलात नेली ती चालत नेली, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. तुम्ही रडला नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून पुठ्ठे कापत बसलात. मी डबा घेऊन आले तर मान वर न करता म्हणालात, "काचा वाजत नाहीत." डबा संध्याकाळी तसाच परत आला. पुढेही बरेच दिवस तुम्ही जेवलात ते समोर ताट ठेवलं म्हणून. मीठ विसरले होते एकदा, तेही तुम्हाला कळलं नाही.

पोर मावशीकडे गेली. मावशीचीच ओढाताण; पोरीची शाळा बंद पडायची वेळ आली. तेव्हा तुम्ही भाजी वाढा म्हणावं तितक्या सहज बोललात, "गल्लीतल्या प्रत्येकाने एक चित्र काढायचं. फ्रेम माझी, फुकट. वाचनालयात लावू आणि विकू. पैसे पोरीला."

"आपल्या गल्लीतली चित्रं घेणार कोण?" मी म्हटलं.

"ज्याने काढलं तोच. स्वतःचं चित्र काचेमागे बघितलं की माणूस पाघळतो."

तसंच झालं. हॉल, खुर्च्या, किमतींच्या चिठ्ठ्या माझ्याकडे, फ्रेमा तुमच्याकडे. न्हाव्याने घोडा काढून आणला. मी विचारलं, "अहो, हा घोडा की कुत्रा?" तो म्हणाला, "बाई, घेणाऱ्याने ठरवावं. आपण बळजबरी करत नाही." शेवटी त्याच्या बायकोनेच तो घेतला, दुसऱ्या कुणाच्या घरात दिसला तर अब्रू जाईल म्हणून. सगळे हसले. तुम्ही खिळे मोजल्यासारखे हातात धरून उभे होतात.

पोरीनेही चित्र पाठवलं होतं. आईचं दुकान. मधोमध शिवणाचं मशीन, हत्तीएवढं, वर टांगलेले कपडे, खाली चिंध्या. तुम्ही ते बाकीच्यांसारखंच फ्रेम केलंत. चित्र आणि काच यांच्यामधे पुठ्ठ्याची चौकट बसते, तिला तुम्ही माउंट म्हणायचात. ती चारही बाजूंनी बोटभर कागद झाकते. तुमचं ठरलेलं वाक्य होतं: "कडेला कुणी महत्त्वाचं काही काढत नाही. कडेला डाग असतात."

ते चित्र सगळ्यात आधी विकलं गेलं, दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. पोर मावशीचा हात धरून नंतर आली. तिच्या चित्रासमोर उभी राहिली आणि काचेच्या उजव्या कडेला बोट ठेवलं.

"इथे आई होती."

तिने मशीन आधी काढलं होतं ना. ते एवढं मोठं झालं, की आईला जागा उरली ती अगदी कडेची. अर्धा चेहरा आणि टेप धरलेला हात. तुम्ही गुडघ्यावर बसलात.

"कापली?" तिने विचारलं. आवाज साधा. वही हरवली का, असं विचारावं तसा.

"नाही गं. मी चित्र कधी कापत नाही. या पुठ्ठ्याखाली आहे ती."

"म्हणजे तिला बाहेरचं दिसत नाही."

"मी बदलतो."

"बरं," म्हणाली, आणि मावशीबरोबर घोडा बघायला गेली.

डॉक्टरांना तुम्ही तिथेच सांगितलंत. ते भले गृहस्थ, म्हणाले, "केव्हाही या, दवाखान्यातच लावणार आहे." पोरीची शाळा सुटली नाही. सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं आणि तुम्ही टाळ्या चालू असतानाच शिडी उचलून निघून गेलात.

नवा माउंट तुम्ही त्याच आठवड्यात कापलात. तीन बाजू रुंद, उजवी नुसती काडीएवढी. वर्तमानपत्रात गुंडाळून दाराशी ठेवलात. दोघांनी जायचं ठरलं, कारण एकट्याला जायला तुम्हाला कसंसंच होत होतं. मग एकदा माझा गुडघा धरला. एकदा डॉक्टर गावाला. त्यानंतर मात्र कुणाचंच काही दुखत नव्हतं, आणि तरी तुम्ही म्हणायचात, "पुढच्या आठवड्यात." गिऱ्हाईकाला कधी उद्या या न म्हणणारा माणूस! शेवटी मी चिडले.

"अहो, चार खिळे काढायचे आणि चार मारायचे. त्याला मुहूर्त कसला बघताय?"

तुम्ही हातातली काच पुसत राहिलात. मग म्हणालात, "वहिनी, पुठ्ठा काढला की ती समोर येणार. थोडं थांबू द्या."

मी थांबले. तुम्ही मात्र थांबला नाहीत. दुकानातच, टेबलावर डोकं ठेवून. पक्कड हातात होती.

पोर मधून मधून येते. उंच झालीय. परवा विचारलं तिने, "काकांनी बदललं का?" मी म्हटलं, "कापून ठेवलंय." ती पुन्हा "बरं" म्हणाली.

तो माउंट आता माझ्या कपाटामागे आहे. वर्तमानपत्रावर तुमच्या पेन्सिलीने लिहिलेलं आहे: 'डॉक्टर. उजवी बाजू जपून.' माझी कवळी सैल झाली म्हणून गेल्या महिन्यात मी दवाखान्यात गेले. चित्र बाकाच्या वरच लावलंय. मशीन, कपडे, चिंध्या, आणि उजवीकडे पांढरा पुठ्ठा. माझा नंबर येईपर्यंत मी त्याच्याखाली बसले होते. पिशवीत कवळी होती, चष्मा होता. माउंट घरीच होता.