रंगूबाईंची ओटी

राहनाळ गावात आता घरोघरी हॉल झाले आहेत. रंगूबाई भोईर मात्र ओटीच म्हणतात. "चपला ओटीखाली काढ." "ओटीवर कोण बसलाय, पाणी इचार." "पंखा ओटीवरचा बंद कर गं." त्यांच्या दिवसातली निम्मी वाक्ये या एका शब्दावरून जातात. मी त्यांच्या समोरच्या गोदामाच्या कचेरीत एकोणीस वर्षे आहे. दुपारचा चहा बहुतेक वेळा त्यांच्या ओटीवरच होतो, त्यामुळे ही वाक्ये मला पाठ आहेत.

ओटी म्हणजे घरात शिरल्यावरची पहिली बैठक. एका बाजूने अर्धी उघडी, आत माजघराचे दार. इकडच्या रिवाजाप्रमाणे लग्नाची बोलणी तिथेच होतात. येणाऱ्याला ओटीवर बसवले म्हणजे घराने त्याला मान दिला. ज्याला बसवले नाही, त्याला काही बोलून दाखवावे लागत नाही.

एकतीस वर्षांपूर्वी रंगूबाईंचे यजमान मोरू वारले आणि वर्षभरात घराची वाटणी झाली. थोरले दीर लडकू पंचांसमोर म्हणाले, "मना फक्त ओटीची बाजू द्या. मी मोठा हाय, मानूस माझ्याकडं येतो." पंचांनी मान्य केले. पुढची अर्धी बाजू त्यांना, मागची रंगूबाईंना. मध्ये भिंत आली. रंगूबाईंना घरात जायला बाजूचा बोळ उरला, सांडपाण्याच्या गटाराला लागून, दोन माणसे अंग चोरून जातील एवढा.

त्यांची मुलगी रूपा तेव्हा एकोणीसची होती. तिची बोलणी ठरली तेव्हा रंगूबाईंनी दिरांकडे एक दिवस ओटी मागितली. लडकू "बघू" म्हणाले. पाहुणे आले त्या सकाळी ओटीवर भाताच्या गोणी रचलेल्या होत्या, छतापर्यंत. लडकू बाहेर बाजेवर बसून दात कोरत होते. पाहुण्यांना बोळातून न्यावे लागले. मुलाच्या आजीचा पाय गटारात गेला. चुलीपाशी बसून त्यांनी चहा घेतला आणि उठताना म्हातारी म्हणाली, "ज्या घरात सख्खा काका ओटीवर बसू देत न्हाय, तिथं आमची सून कशाला?"

ती सोयरीक मोडली. गोष्ट पंचक्रोशीत पसरली आणि पुढची दोन्ही स्थळे तशीच गेली. रूपाने मग लग्नाचा विषय बंद केला. जवळच्या कामतघरला शिवणकाम शिकली, आता पन्नाशीला आली आहे, आईजवळच राहते.

रंगूबाई त्या दिवसानंतर दिरांशी एक शब्द बोलल्या नाहीत. भांडणही केले नाही. वाट पाहिली.

नंतर गावात गोदामे आली. जुना रस्ता रुंद करताना लडकूंची ओटी जोत्यासकट गेली. आता रस्त्यावरून दोन पायऱ्या चढले की थेट त्यांचे माजघर. गोदामांचा नवा मोठा रस्ता मात्र घराच्या मागून गेला, म्हणजे रंगूबाईंच्या दारावरून. त्यांनी पहिले काय केले असेल, तर नव्या रस्त्याकडे तोंड करून ओटी बांधली. लांब, रुंद, लाल कोब्याची. गवंडी म्हणाला, "मावशी, एवढी ओटी आणि आत खोल्या लहान?" त्या म्हणाल्या, "खोल्या झोपायला. ओटी लागणार हाय मला."

ती गेल्या फाल्गुनात लागली.

लडकूंची नात दिशा, तिची बोलणी ठरली होती. मुलाची आजी जुन्या वळणाची, हॉटेलात बसायला तयार नव्हती. भावकीच्या ओटीवरच बोलणी, असा तिचा हट्ट. भावकीत ओटी एकच उरलेली.

मी चहा पीत होतो तेव्हा लडकू आले. ऐंशी उलटलेले, हातात काठी. पायरीखाली उभे राहिले.

"रंगू, रविवारी दिशाचे पाव्हणे येतील."

"येऊ द्या की."

"तुझी ओटी पायजे होती. दोन तास."

रंगूबाई सुपारी कातरत होत्या. कातरून झाली तेव्हा म्हणाल्या, "पाव्हण्यांना देते. पोरीचा काय दोष? पन तुमी, भावजी, बोळातनं यायचं. माझ्या चुलीपासनं. आनि ओटीवर न्हाय, आतल्या दारात उभं राहायचं. कोनी इचारलं तर का ते तुमच्या तोंडानं सांगायचं. खरं सांगायचं."

"अगं, सोयरीक मोडंल पोरीची!"

"मोडंल कदाचित. कसं वाटतं ते तुमाला कळंल."

लडकूंनी माझ्याकडे पाहिले. मी कपात पाहिले.

रविवारी सकाळी मलाही बोलावणे होते. पाहुणे ओटीवर गालिच्यावर बसले, पाणी फिरले, आणि आतल्या दारात लडकू येऊन उभे राहिले. धोतराची कड बोळातल्या चिखलाने भिजलेली. मुलाच्या आजी म्हणाल्या, "अहो आजोबा, तिथं काय? ओटीवर या ना."

दिशा कोपऱ्यात पांढरी पडली होती.

"मना तिथं बसायचा हक्क न्हाय," लडकू म्हणाले. मग सांगितले. गोणी, बोळ, गटार, रूपा, सगळे. मध्येच थांबले तेव्हा रंगूबाई म्हणाल्या, "आनि बाजेवर बसून काय करत होता?"

"दात कोरत होतो," लडकू खालमानेने म्हणाले.

म्हातारीने सुपारीचे ताट उचलले आणि लडकूंकडे न नेता रंगूबाईंच्या हातात दिले. "ओटी तुमची, तर घरातलं मोठं मानूस तुमीच. पोरगी तुमच्या हातनं मागतो आमी."

रंगूबाईंनी ताट घेतले. बोलणी पक्की झाली. लडकूंनी शेवटपर्यंत दार सोडले नाही. रूपाने सगळ्यांना चहा दिला आणि त्यांचा कप उंबऱ्यावर ठेवला. वाकून घ्यावा लागला त्यांना.

पाहुणे गेल्यावर रूपा म्हणाली, "आई, झालं ना आता? पुरे कर."

"तू गप. तुझ्यासाठी न्हाय केलं, माझ्यासाठी केलं." रंगूबाई गालिचा झटकत होत्या. मग मला म्हणाल्या, "साखरपुडा हाय अजून, ह्याच ओटीवर. मंग हळद. मंग लग्नानंतरची मांडव-परतनी. मानूस म्हातारा हाय, पन तब्येत चांगली हाय त्याची. तिन्ही खेपेला बोळातनंच येनार."

आणि आत हाक मारली, "रूपा, ओटी पुसून घे. चहा सांडलाय."