उसाला गेलेल्यांचे फास

त्या पानाला मी लाथ मारली, ही गोष्ट मी जवळजवळ वर्षभर कोणाला सांगितली नव्हती. पंचनाम्यातही ती नाही. पंचनाम्यात सहा इसम, एक मृत भेकर, एक कोयता आणि पळसाची पाने एवढेच आहे.

वनरक्षक म्हणून नवापूर तालुक्यातल्या डोंगरकडेला माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. आमचे घर तापीकाठचे, केळी-कापसाचे. घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, मांसाचे तर नाव काढायची सोय नव्हती. मी तापट आहे, हे मात्र घरच्यांनी केव्हाच मान्य केले होते. वर्दी चढल्यावर त्या तापटपणाला सरकारी शिक्का मिळाला, असे मला वाटू लागले. आता हसू येते. त्या वेळी कोणी हसले असते तर मी त्याच्यावरही केस केली असती.

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. दुपारी नाल्याच्या काठाने फिरताना माणसांचे बोलणे ऐकू आले म्हणून झाडीतून पुढे गेलो. एका मोहाखाली सहाजण गोल बसले होते. मध्ये भेकर कापून झाले होते आणि जमिनीवर पळसाची सहा पाने मांडलेली होती. त्यांच्यातला म्हातारा वाटे घालत होता. मला पाहून बाकीचे दचकले. म्हाताऱ्याने मान वर करून माझ्याकडे एकदा बघितले, शेजारच्या ढिगातून सातवे पान घेतले, ते मांडले आणि त्यावरही वाटा ठेवला.

“जो उभा, त्याना वाटा,” तो म्हणाला.

शिकारीची वाटणी चालू असताना जो तिथे येऊन उभा राहील त्याला वाटा मिळतो, ही त्या डोंगरातली रीत. वाटसरू असो, भांडण असलेला भाऊबंद असो. मला ती माहीत नव्हती. हा म्हातारा मला लाच देतोय, एवढेच माझ्या डोक्यात आले. नाही, हेही पूर्ण खरे नाही. कायदा नंतर आठवला, आधी किळस आली. मी त्या पानाला लाथ मारली. मांस मातीत गेले.

पाचजण पळाले. म्हातारा पळाला नाही. वाटणी अर्धी टाकून उठायचे नसते, असे त्याचे म्हणणे असावे. मी त्याला धरून नेले, गुन्हा नोंदवला, आणि पुढचे काही आठवडे तो आत होता. पळालेल्या पाचांची नावे त्याने सांगितली नाहीत. माझ्या वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. पहिल्याच वर्षी केस केली म्हणून मीही फुशारून गेलो होतो.

त्यानंतर गावात मला पाणी मिळेना. शब्दशः सांगतो. दारात उभा राहून पाणी मागितले तर बाई आत जायची आणि बाहेर यायचीच नाही. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी एरवी बाजारातली अहिराणी बोलायचे, तीही बंद झाली. मी शाळेत मुलांना गोळा करून चितळाची चित्रे दाखवली, ग्रामसभेत शिक्षेची कलमे वाचून दाखवली. पालथ्या घड्यावर पाणी. उलट जंगलात फास वाढले. दुचाकीच्या क्लचच्या तारा, जनावरांच्या वाटेवर, गुडघ्याएवढ्या उंचीला बांधलेल्या. मी दोन काढायचो, आठवड्याने तिसरीकडे चार दिसायचे. ते मांस वाट्याचे नव्हते. हायवेवरच्या ढाब्यांवर जात होते, असे ऐकू यायचे. लावणारे कोण तेही साधारण ठाऊक होते, पण पुरावा काही हाती लागत नव्हता.

म्हातारा जामिनावर सुटून आला होता. वाटेत दिसला की बाजूला होऊन मला जाऊ द्यायचा. रागाने बघितले असते तर बरे झाले असते.

दिवाळीनंतर निम्मे गाव गुजरातेत ऊसतोडीला गेले. घरांना काट्याकुट्या लावलेल्या, अंगणात म्हातारी माणसे आणि कोंबड्या. आता चार महिने तरी जंगलाला विसावा, असे मी मनात म्हटले. जानेवारीत नाल्यात उतरलो तर वास आला. भेकराची मादी होती. तार पोटाला आवळलेली. ती किती दिवस जिवंत होती ते भोवतालच्या जमिनीवरून कळत होते. खुरांनी माती उकरून उकरून तिने गोल खड्डा केला होता. पुढे पन्नास पावलांवर एक ससा, नुसती कातडी. त्याच्या पलीकडे एक साळिंदर.

फास लावणारे बारडोलीकडे ऊस तोडत होते. जाताना घराला काटे लावले, शेळ्या शेजाऱ्याकडे दिल्या, तारा सोडवायचे राहून गेले. मालक पन्नास मैलांवर आणि त्याचा फास इथे रोज कामावर हजर.

मी तिथे बसलो आणि पहिल्यांदा मला केस करावीशी वाटली नाही. रडू आले. मग उठून सरळ म्हाताऱ्याच्या घरी गेलो. तो अंगणात खाटेची दोरी आवळत होता.

“बाबा, एक दाखवायचंय. चला,” मी म्हणालो.

तो काठी घेऊन निघाला. नाल्यात मादीपाशी तो उकिडवा बसला, तारेवर बोट फिरवले, मग तो खड्डा पाहिला.

“हाई कोणाना वाटाले उनं?” त्याने विचारले.

हे कोणाच्या वाट्याला आले? कोणाच्याच नाही. मारणाऱ्याच्याही नाही. त्याच्या हिशोबात यापेक्षा मोठे पाप नव्हते. मी वर्षभर कलमे वाचत होतो, आणि या माणसाकडे माझ्यापेक्षा कडक कायदा आधीच होता. मी फक्त त्याला कधी विचारले नव्हते.

“पोरं परत आली की बसवा त्यांना. मी बोलतो त्यांच्याशी,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे वळला. “तू पानले लाथ मारी व्हती. मंग तुन्हं त्या काब्रं ऐकतीन?”

माझे त्यांनी का ऐकावे? लाथेबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. आवाज चढवला नाही. मी खाली बघून म्हणालो, “चुकलो, बाबा.”

“मन्हाजोडे नको बोलू. सगळासमोर बोल,” तो म्हणाला.

उसावरून लोक परतले तसे त्याने सगळ्यांना वाघदेवापाशी बोलावले. गावाबाहेर सागाखाली शेंदूर लावलेला लाकडी खांब, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. म्हाताऱ्याने घरचा कोंबडा आणला होता. तो देवाला दिला, चुलीवर शिजला आणि पळसाची पाने मांडली गेली. एक माझ्यापुढे आले. जवळजवळ चाळीस माणसे माझ्या हाताकडे बघत होती. ती बघत राहिली म्हणूनच मी खाल्ले, धीट होतो म्हणून नव्हे. एक तुकडा तोंडात टाकला, गिळला, डोळ्यांत पाणी आले. कोणीतरी हसले, आणि मग बरेचजण हसले. मी उभा राहून लाथ मारल्याची माफी मागितली. भाषण करणार होतो, ते विसरलो. नाल्यातली मादी कशी होती एवढेच सांगितले.

पुढचे म्हातारा बोलला, त्यांच्या बोलीत. मला सगळे समजले नाही. मग एकजण उठला, घरी गेला आणि तारांचे भेंडोळे आणून वाघदेवासमोर टाकले. त्याच्यामागून दुसरा. मोहाखालून पळालेल्या पाचांपैकी तीनजण मला ओळखू आले. त्यांनीही आणले. फास लावणार नाही, लावलेला दिसला तर सोडवू, असे प्रत्येकाने खांबाला हात लावून सांगितले.

कोंबड्याची गोष्ट मी फोनवर आईला सांगितली. ती म्हणाली, “घर येशी तवय पयले आंघोय करजो, मंग चुल्हाजोडे ये.” यापेक्षा मोठी क्षमा आमच्या घरात कोणाला मिळालेली नाही.

आणि मग समन्स आले. म्हाताऱ्याचा खटला उभा राहिला होता. पकडणारा मी, पाहणारा मी, साक्षीदारही मीच. पंचनाम्याचे पंच केव्हाच साक्षीतून फिरले होते. मी म्हटले असते की कोयता त्याच्या हातात होता की नाही ते नीट आठवत नाही, तर तो सुटला असता. एका जुन्या सहकाऱ्याने मला चहा पाजून हेच सुचवले. “एवढे दिवस झाले. माणूस विसरतो,” तो म्हणाला. मी रात्रभर नव्हे, तीन आठवडे त्या वाक्यावर जगलो. साक्षीच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्याला सांगायला गेलो की काळजी करू नका, मला फारसे आठवत नाही.

त्याला कळायला वेळ लागला. कळले तेव्हा तो चिडला. मी त्याला चिडलेला तेवढाच एकदा पाहिला.

“तू जे देखं तेच सांग. वाघदेवना म्होरे आम्ही खरं बोलनूत. तू कोर्टमा खोटं बोलशी, मंग आमनं बी खोटं व्हई.”

त्याची बायको दाराशी उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

कोर्टात मी सगळे सांगितले. लाथेसकट. वकिलाने विचारले, तो इसम इथे हजर आहे का. मी म्हाताऱ्याकडे हात केला. त्याने मान हलवली, जणू माझे काम बरोबर चालले आहे. शिक्षा झाली. घेऊन जाताना तो माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, “लोके उसले जातीन तवय नाला देखी लेजो, भाऊ.”

भाऊ. त्याआधी तो मला काहीच म्हणत नसे.

त्या हिवाळ्यात गाव उसाला गेल्यावर मी रोज नाला पाहिला. वरपासून खालपर्यंत, दोन्ही काठ. एकही तार सापडली नाही. संक्रांतीनंतर हे सांगायला मी तुरुंगात त्याला भेटायला गेलो. तो वाळला होता. जाळीपलीकडून कान पुढे करून त्याने सगळे ऐकले. शपथ घेतलेल्या एकेकाचे नाव घेऊन विचारले. मी सांगत गेलो, नाही बाबा, त्याचाही फास नाही, त्याचाही नाही. त्याला इतका आनंद झाला की तो खाली बसला आणि पुन्हा उठला.

मग म्हणाला, “भेकर देखं का?”

मी हो म्हणालो. मादी आहे, बरोबर पिल्लू आहे, नाल्यावर पाण्याला येतात, असे सांगितले. अख्ख्या हिवाळ्यात मला एकही भेकर दिसले नव्हते.