तापातली गोळी

माझ्या पोटापाण्याचं कामच यकृताच्या पेशींचं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत गेली बारा वर्षं मी या पेशी काचेच्या तबकड्यांत वाढवते. शरीरात कुठं संसर्ग झाला की तिथल्या पेशी रक्तातून रासायनिक निरोप धाडतात. निरोप यकृतात पोचला की यकृत संसर्गाशी झुंजायच्या तयारीला लागतं आणि औषधं मोडणारी विकरं कमी बनवतं. मग नेहमीचीच गोळी अंगात साठत जाते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांचं असं होतं, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले, विद्यार्थ्यांना शिकवत आले.

वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, आटपाडीजवळच्या गावी भाऊ-वहिनीपाशी राहायचे. फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि डाळिंबाची बाग लावली. आई गेल्यावर मात्र ते बागेकडं फिरकेनात. दोन वर्षं भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. गाव म्हणालं, म्हातारपण. मी त्यांना सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. नैराश्यावरची एक जुन्या पिढीतली गोळी, झोपताना घ्यायची, सुरू झाली. दीडेक महिन्यानं भावाचा फोन आला, "आप्पा बागंत गेल्यात. छाटणी चुकली म्हणून मला शिव्या घालाय लागल्यात!" आम्ही दोघं फोनवर हसलो.

तेव्हापासून त्या गोळीवर माझी श्रद्धाच बसली. एक दिवस चुकवायची नाही, असं मी घरात बजावून ठेवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात आप्पांना ताप आला, छातीत कफ झाला. गावच्या डॉक्टरांनी औषधं दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं मला फोन केला.

"वन्सं, आप्पा लय झोपत्यात. जीभ कोरडी पडलीया, बोलणं जड येतंय. ती झोपतानाची गोळी आज न्हाई दिली तर चालंल का?"

मी कामात होते, हातमोज्यातच फोन धरला होता. म्हणाले, "नको नको, ती चुकवू नका. परत पहिल्यासारखे पडून राहतील. ताप आहे, म्हणून झोपतात."

निदान डॉक्टरांना विचारा, एवढं तरी म्हणायला हवं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मोरीकडं जाताना आप्पा तोल जाऊन पडले. खुबा मोडला.

सांगलीच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा ते बरळत होते. न्यूमोनिया निघाला, हृदयाचे ठोकेही बिघडले होते. डॉक्टर माझ्याहून बरेच तरुण होते. "ही गोळी तापातही चालू होती का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "रक्तात ती फार वाढलीय. त्याचं असं असतं, संसर्गात यकृत मंदावतं..." ते नीट समजावून सांगत राहिले. मी मान हलवत होते. मी काय काम करते, ते त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

गोळी थांबवली, ताप उतरला. दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी आप्पा शुद्धीवर आले. "पोरी, कवा आलीस?"

"आत्ताच," मी म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली, पण ते पुन्हा चालले नाहीत. चैत्रात गेले. पडले ते गोळीमुळंच का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. "वय होतं, ताप होता, अशक्तपणा होता. खात्रीनं नाही सांगता यायचं," ते म्हणाले. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

तेरावा झाल्यावर मी वहिनीपाशी जाऊन बसले. "तुम्ही विचारलंत, आणि मी चुकीचं सांगितलं. मला ठाऊक असायला हवं होतं. माझं कामच ते आहे."

तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "तुमी लांबनं सांगत हुतासा. डोळ्यांनी मी बघत हुते. मीच द्यायला नको हुती."

इतके महिने तीही हेच उराशी घेऊन बसली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी तिला सगळं सांगितलं, निरोप, यकृत, साठत जाणारी गोळी. घरातल्या कुणाला पहिल्यांदाच. तिनं मन लावून ऐकलं.

"एवढं समद्यांस्नी ठावं हाय," ती म्हणाली, "मग गोळी देताना आमाला कुणीच कसं सांगितलं न्हाई?"