छावणीतली रिकामी खुर्ची

भूत-बित, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा कधीच इश्वास नव्हता. आमच्या बापानं धम्म घेतला तवाच देव्हारा उचलून नदीला दिला. घरात अंगारा न्हाई, भगत न्हाई. कुठं एखादी बाई घुमाय लागली की मी उठून जायचो. चौथी शिकल्याला माणूस हाय, लिवण्यात चुकलं तर समजून घ्या. पण झालं तेच सांगतो...

कडा गावाच्या अलीकडं, माळावर, दूध सोसायटीनं चारा छावणी उघडली होती. दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. गावात माणसालाच टँकरचं पाणी, मग जनावराला कुठलं? म्हणून गाय अन् म्हातारा बैल घेऊन मी तिथंच राहाय गेलतो. बायको, सुभद्रा, जाऊन वर्ष होत आलतं. पोटात गाठ होती. ऊसतोडीवरून परत आल्यावर दवाखान्यात कळलं, तवा उशीर झाला होता. मला वाटायचं, तिलाबी तवाच कळलं.

छावणीत शहरातल्या कॉलेजची एक पोरगी यायची, काजल. कौन्सिलिंगचं एम.ए. करत होती... म्हणजे दुःखातल्या माणसाला बोलतं करायचं शिक्षण. ट्रेनिंगसाठी तिला छावणीतली आमी माणसं नेमून दिली होती. पहिल्या दिवशी बैलाला भिऊन तिनं लांबूनच इचारलं, "काका, कसं वाटतंय?"

मी म्हणलं, "ऊन वाटतंय."

शेजारच्या दावणीचा निवृत्ती लई हसला. "बोल की बे, पोरगी ऐकाय आलीय. तुझं तर बैलबी ऐकत न्हाई."

पण पोरगी चिकट. येत राहिली, अन् मीबी हळूहळू बोलाय लागलो.

एका दुपारी तिनं प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. म्हणली, समोरच्या खुर्चीत काकू बसल्यात असं समजा अन् मनातलं बोला. मला लाज वाटली, तरी बोललो. एवढं दुखत होतं तर आधी सांगितलं कावून न्हाई, असं इचारलं. मग काजल म्हणली, आता तुमी तिकडं बसा, काकू होऊन उत्तर द्या.

बसलो. काहीतरी बोलून उठावं असं मनात होतं. तोंड उघडलं, अन्... ते बोलणं माझं नव्हतं. आवाज माझाच, पण बोलणं तिचं.

"अवं, गाठ दिवाळीच्या आधीच घावली होती. न्हाणीत आपल्या मंगलचा हात धरून गाठीवर ठिवला. तिला आन घातली, बापाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मी बसले असते तर कोयता मोडला असता."

आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एक बसलं की दोघांचं काम गेलं. दुष्काळात दुसरं काम कुठं होतं?

मी खुर्चीतून उठलो. तेलगावला दिलेल्या माझ्या लेकीला, मंगलला, लगेच फोन लावला. खुर्चीत बसून तोंडून निघालं ते जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणली, "दादा, हात धरल्यालं तुमाला कुणी सांगितलं? तिथं आमी दोघीच होतो."

म्हणजे खरं होतं. सारा हंगाम बायको माझ्याम्होरं मोळ्या वाहत राहिली, लेकीला ठाऊक, अन् मी एकटा येडा. जिच्यासंगं आयुष्य काढलं तिनं मला परका केला. लेकीनंबी.

आधी वाटलं, मंगलनंच काजलला सांगितलं असंल. पण दोघींची गाठभेट नव्हती. अन् बोललो तर मीच होतो! काजलनं तिच्या सरांना इचारलं. सरांचं म्हणणं, काकांना मनात खोल कुठंतरी माहीतच होतं.

मी तिला म्हणलं, "माहीत असून मी तिच्या डोक्यावर मोळी दिली, असं म्हणतो का तुझा सर?"

पोरगी रडाय लागली. तिचा काय दोष म्हणा. पण सरांचं ते बोलणं मी कधीच मानणार न्हाई. अन् ते मानलं न्हाई तर मग दुसरं काय मानायचं, तेबी मला सांगता येत न्हाई.

दोन-तीन दिसांनी मंगल छावणीत आली. मी तिच्याशी बोलत नव्हतो. तिनंच खुर्ची आणून ठिवली. म्हणली, "दादा, एकदा बसा. मी आन पाळली ते चुकलं का, तेवढं तिला इचारा."

बसलो. काहीच आलं न्हाई. मंगल माझ्या तोंडाकडं बघत होती. सुभद्राची बोली मला पाठ हाय, 'बरं केलंस बाई' एवढं म्हणाय काय लागत होतं? पण या दोघींनी मला लई दिवस खोट्यात ठिवलं होतं. त्यात माझं आणखी एक खोटं कशाला?

"ती बोलत न्हाई," म्हणलं, अन् उठलो.

त्या दुपारी माझ्या तोंडून कोण बोललं, अजून कळल्यालं न्हाई. मंगलचा फोन येतो. गायीचं इचारती, टँकर आला का इचारती, मग गप होती. ती कशाची वाट बघती ते मला समजतं. मीबी गप राहतो... अन् मग कुणीतरी एक जण फोन ठिवतो.